बॉल कुणाकडं हाय?

"ह्या बाबाला कुणीतरी इचारा रं, बॉल कुणाकडं हाय!"

दादा टीव्हीवर ओरडला तेव्हा बॉल खरं तर मैदानाच्या बाहेर गेला होता, आणि कॉमेंटेटर एका खेळाडूच्या आजोबांविषयी सांगत होता. त्या आजोबांचा मासळीचा धंदा होता म्हणे. वर्ल्डकप चालू होता, संध्याकाळी साडेसहाची मॅच. वहिनी आत भाकरी थापत होत्या. मी शाळेत शिकवून येऊन नुकताच टेकलो होतो. दादा सोफ्यावर मांडी घालून बसलेला, तोंड टीव्हीकडं नाही, खिडकीकडं. कान तेवढा टीव्हीकडं. समोर बघून बसायची त्याला आता गरज राहिली नव्हती.

शुगरनं त्याचे डोळे गेले. एका दिवसात नाही, तीनेक वर्षं लागली. आधी उजवा गेला, मग डाव्याला जाळं आल्यासारखं झालं, लेसर झालं, सुया झाल्या, मिरजेच्या दवाखान्याच्या फेऱ्या झाल्या. आता डाव्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. माझा थोरला भाऊ, वय अठ्ठावन्न, शिरोलीच्या फौंड्रीत तीस वर्षं काढलेला, आणि त्याच्या आधी आमच्या पेठेच्या टीमचा गोलकीपर.

"आरं, आजोबा मरू देत," दादा म्हणाला. "बॉलचं सांग की."

तेव्हा माझ्या पहिल्यांदा ध्यानात आलं की टीव्हीवरचा कॉमेंटेटर ज्याला दिसतंय त्याच्यासाठीच बोलतो. "ओ हो हो, काय पास आहे!" कुणाचा, कुणाला, कुठं, ते तुम्ही बघा. आणि ज्याला बघता येत नाही त्यानं काय करायचं? आजोबांच्या मासळीचा हिशेब?

आमच्या गल्लीत फुटबॉलवर जेवढं बोलतात, त्याच्यापेक्षा जास्त कॉमेंटेटरवर बोलतात. मॅच संपली की तालमीच्या कट्ट्यावर आधी रेफ्रीचा उद्धार होतो, मग कोचचा, आणि चहा आला की निवांत कॉमेंटेटरला घेतात. आमच्यात एक गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणारा आहे. त्याचा राग स्टुडिओत बसून शिकवणाऱ्या जुन्या खेळाडूंवर. "खेळत हुता तवा बाकड्यावर बसला," तो म्हणतो, "आता बी बाकड्यावरच बसलाय. फकस्त कोट चढवलाय." दुसरा एक दूध संस्थेत आहे. त्याला इंग्लिशचा गंध नाही, पण कॉमेंट्री इंग्लिशच पाहिजे. का, तर कळत नाही म्हणून डोक्याला ताप नाही, आवाज चढला की मान वर करायची. हिंदीवाले शायरी करतात म्हणून त्याचा त्यांच्यावर दात. आणि हाफटाइमला पडद्यावर बाण काढून दाखवणारे आले की सगळा कट्टा एका सुरात, "आता बाण काढतोस व्हय? आदी काढायचा हुतास!"

हल्ली तर आकडे निघालेत. गोल झाला नाही, पण शून्य दशांश आठ व्हायला पाहिजे होता, असलं काहीतरी. शेगडीवाला म्हणाला, "पॉईंट आठ गोल घिऊन काय लोणचं घालू?"

पण आमच्या कोल्हापुरात कॉमेंटेटरवर सगळ्यात मोठा आरोप एकच असतो: त्यो त्यांच्यातला हाय. इथं माणूस माईकवर आला की पहिल्यांदा त्याची पेठ शोधतात. आई कुठली, मामा कुठला, लहानपणी कुठल्या बोळात खेळायचा. लंडनमध्ये बसून बोलणाऱ्या एका म्हाताऱ्या इंग्रजालासुद्धा आम्ही एक पेठ चिकटवली होती, कारण त्या पेठेसारख्या लाल जर्सीनं गोल मारला की त्याचा आवाज चढायचा म्हणे. हसण्यावारी नेतो आम्ही, पण ते हसण्यावारी नसतं. ईर्षा म्हणजे ईर्षा. त्यापायी मी काय केलं ते सांगायचं आहे, म्हणून हे सगळं.

ह्या गप्पांत दादा कधीच नसायचा. तीस वर्षं त्याच्या घरातला टीव्ही मुका होता. मॅच लावायचा आणि आवाज पार बंद करायचा. पाहुणे आले, पोरं आली, कुणीही आलं तरी. "बघायला डोळं हायती की," म्हणायचा. त्याला कॉमेंट्री का सहन होत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. माझ्या तोंडावर कुणी बोलत नव्हतं एवढंच.

तर, तीस वर्षांपूर्वी. मी चोवीस वर्षांचा, बी.एड. झालेला, नोकरी नाही. वक्तृत्वाची बक्षिसं मात्र कपाटभर. स्टेडियमवर तेव्हा लाउडस्पीकर असायचे आणि मांडवात एक माईक. संयोजकांनी मला विचारलं, आणि मला आभाळ ठेंगणं झालं. मी चाळीस पानी वही आणली. रोज संध्याकाळी बसून तिच्यात वाक्यं लिहायचो. गोल झाला तर काय म्हणायचं, गोल अडवला तर काय, कुणी चुकला तर काय. चुकीसाठीचं एक पान वेगळं होतं. त्या पानावर एक वाक्य होतं ज्याच्यावर मी खुळ्यासारखा खूश होतो: "आणि गोलरक्षक? गोलरक्षक पुतळ्यासारखा उभा!" सगळा सीझन ते वाक्य तसंच पडून होतं. कुठं बसवायचं म्हणून मी जागा शोधत होतो.

फायनलला आमची पेठ आली. गोलपोस्टात दादा. मांडवात मी. मॅच सुरू व्हायच्या आधीच समोरच्या बाजूनं आरोळी उठली, "भाऊ गोलात, भाऊ माईकवर, मग रेफ्री काय बाप हाय काय तुमचा?" सगळं स्टेडियम हसलं. मी घाम पुसला. मनात एकच, आज आपण कुणाचे नाही हे ह्यांना दाखवायचं. आमच्या टीमनं चांगला पास दिला तरी मी गप्प, समोरच्यांनी साधा थ्रो टाकला तरी मी कौतुक. आमच्या बाजूनं शिव्या यायला लागल्या, आणि खोटं कशाला सांगू, त्या शिव्यांनी मला बरंच वाटत होतं.

मॅच संपायला थोडाच वेळ राहिला होता. शून्य-शून्य. मी वही उघडली होती. शेवटी बोलायचं काहीतरी चांगलं शोधत होतो, बरोबरीसाठीचं पान सापडत नव्हतं. आणि एकदम आवाज फुटला. मी मान वर केली. बॉल जाळीत होता. दादा लाइनीवर दोन्ही हात खाली सोडून उभा होता. हललेला नव्हता. माझ्या बोटाखाली चुकीसाठीचं पान होतं.

मी म्हटलं. सगळ्या स्टेडियमवर, चार लाउडस्पीकरमधून. "आणि गोलरक्षक? गोलरक्षक पुतळ्यासारखा उभा!"

समोरची बाजू उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. गोलला नाही, मला. सख्ख्या भावाला सोडला नाही, ह्याला म्हणतात न्याय. दुसऱ्या दिवशीपासून दादाचं नाव पुतळा पडलं. मोठ्यांनी धरलं, बारक्यांनी धरलं. पानपट्टीवर "पुतळा आला रं", फौंड्रीत "पुतळ्याला शिफ्ट कुठली". त्याच मे महिन्यात त्याचं लग्न झालं. वहिनींनी हार घातला आणि मागनं कुणीतरी ओरडलं, "पुतळ्याला हार घाटला रं!" सगळा मांडव हसला. मी पण हसलो. वहिनींना काही कळलं नाही, त्या गारगोटीकडच्या, त्यांना वाटलं आपलंच काहीतरी चुकलं.

दादा पुन्हा गोलात उभा राहिला नाही. मला एका शब्दानं बोलला नाही. जेवायला शेजारी बसायचा, माझ्या नोकरीसाठी त्यानं पेठ वडगावच्या शाळेत ओळख काढली, वरचा मजला मला बांधून दिला. फक्त टीव्हीचा आवाज बंद केला. आणि तो गोल मी बघितलाच नव्हता, ही गोष्ट माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती.

ह्याचं मला काय वाटायचं, असं कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. पहिली दोन-चार वर्षं तो शेजारी जेवायला बसला की मी ताटावरनं लवकर उठायचो. मग उठायचं थांबलं. मी वही चुलीत घातली, माईक सोडला, शाळेत निबंध तपासत बसलो. माणूस सरावतो. दादाच्या तळपायाला डॉक्टर टाचणी टोचून विचारायचे, "कळतंय का?" तो म्हणायचा, "न्हाय." मी शेजारी त्याची फाइल धरून उभा असायचो. मला कुणी टाचणी टोचली असती तरी मी तेच म्हटलं असतं.

डोळे गेल्यावर टीव्हीचा आवाज परत आला. तीस वर्षांनी त्या घरात कॉमेंटेटर बोलायला लागले, आणि दादा त्यांच्यावर असा तुटून पडला की काही विचारू नका. आमच्या लोकल मॅच आता मोबाईलवर लाइव्ह दिसतात. दोन पोरं हेडफोन लावून मराठीत बोलतात. बरी बोलतात, पण "प्रेक्षकांच्या डोळ्यांचं पारणं फेडणारा" म्हटल्याशिवाय त्यांना घास जात नाही. आणि मोबाईल अर्धा मिनिट मागं असतो. आमचं घर स्टेडियमपासून जवळ. गोल झाला की आरोळी छपरांवरनं थेट घरात यायची आणि मोबाईलमधला कॉमेंटेटर अजून मधल्या मैदानात पास मोजत असायचा. दादा कपाळाला हात लावायचा. "शिळं," म्हणायचा. "गोल हून गेला, ह्यो अजून निघालाय." आरोळी कुठनं आली त्यावरनं त्याला गोल कुणाचा ते कळायचं. कसा झाला ते मात्र नाही.

त्या वर्ल्डकपच्या संध्याकाळी वहिनी पिठाच्या हातानं बाहेर आल्या. "भावजी, तुम्हीच सांगा की त्यास्नी," त्या म्हणाल्या. "रोज रोज ह्यो दंगा. तुम्ही मास्तर हाईसा. बोलायची सवय हाय."

मी दादाकडं बघितलं. मग त्यानं रिमोट चाचपला आणि आवाज बंद केला. खोलीत फक्त तव्याचा वास आणि पंख्याची करकर.

"सांग," तो म्हणाला.

तीस वर्षांनी मी पुन्हा कॉमेंट्री केली. पहिलं वाक्य काय बोललो असेन? "आता निळ्या जर्सीतला हा चपळ खेळाडू अतिशय सुंदर..."

"त्ये सुंदर शाळंत ठेव," दादा म्हणाला. "कुणाकडं हाय, कुठनं कुठं निगालाय, मोकळा कोण हाय. आणि गोलकीपर कुठं उभारलाय. बास."

शिकलो मी. चोपन्नाव्या वर्षी एका आंधळ्या माणसानं मला बघायला शिकवलं म्हटलं तरी चालेल. सुरुवातीला वाक्य पुरं करायच्या नादात बॉल सुटायचा माझ्या नजरेतनं. दादाला ते लगेच कळायचं. कसं कोण जाणे, माझा आवाज पोकळ व्हायचा म्हणे. "हितं बघितलं न्हाईस तू," म्हणायचा. "वाक्याकडं बघालाईस. सगळ्यांचं हेच हाय. त्या कोटवाल्यांचं बी. ध्यान वाक्याकडं, बॉल गेला उडत." मी मान खाली घालायचो, मग त्याला ती दिसत नाही हे आठवायचं.

मग जमायला लागलं. "डावीकडं बॅक. पुढं मोकळा. दिला. आत वळला. दोघं आडवे आलेत. मागं दिला. कीपर लाइनीवर." असं. शनिवारी संध्याकाळी इंग्लंडची लीग, सीझनमध्ये मोबाईलवर लोकल मॅच. शॉट म्हटलं की दादाचे गुडघे उचलायचे. कॉर्नर म्हटलं की दोन्ही हात मांडीवरनं सुटून छातीशी यायचे. कट्ट्यावरचे पण येऊन बसायला लागले. शेगडीवाला म्हणाला, "मास्तर, तुमाला टीव्हीवर घ्याय पायजे." दादा म्हणाला, "नगं. बिघडंल."

हे सगळं होत असताना आत काहीच हलत नव्हतं. मला वाटलं होतं, त्याच्या शेजारी बसून बोलायला लागलो की कधीतरी रडू येईल, मी चुकलो म्हणेन, तो काहीतरी म्हणेल. कसलं काय. बॉल इकडं, बॉल तिकडं. जेवायची वेळ झाली की उठायचो. आणि एक हिशेब मात्र डोक्यात पक्का होता. दादाकडं आता फुटबॉल उरलं होतं ते माझ्या तोंडातलं. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला म्हणून उरलं होतं. मी तो गोल न बघताच बोललो होतो हे सांगितलं, आणि त्यानं गप बस म्हटलं, तर त्याच्या घरातलं फुटबॉल बंद. म्हणून सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं. ठरवलं कसलं, सोय होती माझी.

गेल्या सीझनला आमची पेठ पुन्हा फायनलला आली. दादा म्हणाला, "ग्राउंडवर जाऊया."

मी म्हटलं, पायऱ्या आहेत, गर्दी आहे, पायाला काही लागलं तर तुला कळायचं पण नाही.

"मला काय खेळायचं हाय व्हय?" तो म्हणाला. "बसायचंच हाय की."

वहिनींनी त्याला बूट घातले, आत मोजे दोन-दोन, टाचेला बोट घालून बघितलं. चारच्या मॅचला आम्ही अडीचलाच निघालो. रिक्षावाला म्हणाला, "पावणं, आज कुणाकडनं?" दादा म्हणाला, "गोलकीपरकडनं." पायऱ्यांवर आमच्या पेठेची जागा ठरलेली. लोकांनी सरकून वाट दिली. नव्या पोरांना तो कोण ते माहीत नव्हतं. जुन्यांपैकी कुणीतरी सवयीनं म्हणालं, "आरं पुतळा आला, जागा द्या," आणि लगेच जीभ चावली. दादानं ऐकलं. हसला. "आता खराच झालोय की," म्हणाला, "हातानं धरून बशीवल्यालाय."

हलगी वाजत होती. कुणीतरी भडंगाची पुडी हातात दिली. दादानं डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि मॅचभर तिथंच ठेवला. मी सांगत राहिलो. आमच्यापासून पाच-सहा पायऱ्या वर ती दोन हेडफोनवाली पोरं बोलत होती, त्यांचं "पारणं" मधनंमधनं ऐकू येत होतं. आजूबाजूचे लोक त्यांच्यावर खेकसत होते, त्यांच्यातलीच हायती म्हणून. मला मात्र त्या पोरांचा राग आला नाही. त्यांच्यातला एक मध्येच खाली बघून कागद चाळत होता. मला ओरडावंसं वाटलं, वर बघ लेका.

हाफटाइमपर्यंत शून्य-शून्य. दुसऱ्या हाफला बाजू बदलल्या आणि आमचा गोलकीपर मावळतीकडं तोंड करून उभा राहिला. खेळ अजून सुरू झाला नव्हता. रेफ्री लाइनमनशी बोलत उभा होता. दादानं तोंड वर केलं. ऊन त्याच्या गालावर आलं होतं.

"ऊन आपल्या गोलकीपरच्या तोंडावर हाय न्हवं?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"टोपी हाय का त्याच्या डोक्यावर?"

"हाय."

"बरं झालं," तो म्हणाला. "आमच्या टायमाला टोपी घाटली की म्हणायची, सायेब आलं." मग अगदी साध्या आवाजात, भडंग अजून आहे का असं विचारावं तसं, म्हणाला, "त्यो बॉल कुठनं आल्ता रं?"

मला समजलं. तरी मी विचारलं, "कुठला?"

"फायनलचा. माझ्या. तीस वर्षं झाली, इचारीन इचारीन म्हणतोय. मला काय बी दिसलं न्हाय. नुसतं पांढरं. त्या पांढऱ्यातनं आला आणि मागं जाळीचा आवाज झाला. किती येळा डोळ्याम्होरं आणतो, कुठनं आला त्येच कळंना. डावीकडनं का उजवीकडनं, डोक्यानं मारला का पायानं. हाललो न्हाय म्हणून सगळी बोलली. आरं, कुठं हालू? बॉल कुठाय त्ये तर कळाय पायजे. तू मांडवात हुतास. सावलीत. तू नीट बघितलाईस. सांग की."

त्यानं मान जरा डावीकडं कलती केली. मॅच ऐकताना करतो तशी.

मी सांगू शकलो असतो. आता मला येत होतं ते. उजवीकडनं क्रॉस, मधला उंच, डोक्याला लागून खाली. दादा, तुझ्या हातात नव्हताच तो बॉल, कुणालाच अडला नसता. असं सांगितलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं आणि मलाही सुटल्यासारखं झालं असतं. वाक्य तयार झालं सुद्धा. अगदी जिभेवर आलं, आणि चांगलं होतं वाक्य. ते चांगलं आहे असं मला वाटलं आणि तिथंच माझी भीतीनं गाळण उडाली.

"दादा," मी म्हटलं, "मी न्हाय बघितला."

"आँ?"

"मी खाली बघत होतो. वहीत. आवाज आला तेव्हा मान वर केली. बॉल जाळीत होता आणि तू उभा होतास."

"आणि पुतळा?"

"ते वहीत लिवलं होतं. आधीच. सीझनभर."

दादानं माझ्या गुडघ्यावरचा हात काढला. दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले. खालच्या पायरीवर शेंगावाला कुणाशी तरी सुट्ट्यावरनं हुज्जत घालत होता. मला वाटलं, झालं. आता हा म्हणेल घरी चल. मी उठायच्या तयारीनं त्याच्या बुटांकडं बघितलं, नाडी सुटली होती, ती त्याला कळली नव्हती.

"म्हंजे," दादा म्हणाला, "आपुण दोघांनी बी बघितला न्हाय."

"न्हाय."

"आणि मी तीस वर्षं वाट बघालोय, ह्येनं तरी बघितलाय म्हणून."

मी चुकलो, असं म्हणायचं होतं. तोंड उघडलं तेवढ्यात शिट्टी वाजली. हलगी पुन्हा सुरू झाली आणि सगळी पेठ उठून उभी राहिली. आम्ही दोघंच बसलेलो. मी उठलो, त्याला दंडाला धरून उठवलं.

"सांग," दादा म्हणाला. "बॉल कुणाकडं हाय?"

मी मैदानाकडं बघितलं. तीस वर्षांत आलं नव्हतं ते सगळं एकदम आलं, नाकातोंडातनं, शाळेतल्या पोरासारखं. समोरचं ऊन त्यात मिसळलं. जर्सीचे रंग पण कळेनात.

"दिसंना झालंय, दादा," मी म्हटलं.

त्यानं तोंड माझ्याकडं वळवलं. मग चाचपत हात माझ्या खांद्यावर ठेवला.

"मग गप बस," तो म्हणाला. "दिसलं की सांग."

मी गप बसलो. बाहीनं डोळे पुसले. आजूबाजूला सगळे ओरडत होते, आणि दादा मान कलती करून माझ्या बोलण्याची वाट बघत उभा होता. थोड्या वेळानं दिसायला लागलं. बॉल आमच्या गोलकीपरच्या हातात होता. मी सांगितलं.